जांभई देणारा डावा कोपरा

मला एकच नाव द्यायचं होतं. डावा कोपरा, वय बावीसच्या आत, भोसरी ते चाकण या पट्ट्यात कॉलेजकडून कबड्डी खेळणारा. फोन माझ्या जुन्या जोडीदाराचा होता. तीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच कंपनीच्या संघात होतो, मी डाव्या कोपऱ्यात आणि तो माझ्या शेजारी. आता तो टीव्हीवर दिसणाऱ्या लीगमधल्या एका संघाचा सहायक प्रशिक्षक आहे. मी त्याच कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. संघ बंद पडला, मी राहिलो.

"नवीन पोरांचं शिबिर लावतोय," तो म्हणाला. "तुझ्याकडून एकच घेणार, भावा. आणि मागच्या वर्षीसारखं करू नकोस."

मागच्या वर्षी मी पाठवलेला पोरगा आठव्या दिवशी शिबिरातून बॅग उचलून घरी आला होता. आईच्या हातचं जेवण आठवतंय म्हणाला. त्याचं काही बिघडलं नाही, तो आता वडिलांच्या टेम्पोवर खुशीत आहे. बोलणी खाल्ली माझ्या जोडीदाराने, आणि मग त्याने ती व्याजासकट मला ऐकवली. तेव्हापासून माझी जीभ भाजलेली होती. यावेळी मी ताकसुद्धा फुंकून पिणार होतो.

हे काम आलं की मी घरात टिकत नाही. ऑफिसात बसलो तरी टेबलाखाली गुडघा हलत असतो. रात्री जेवताना एक हात ताटात आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर कुठल्यातरी गावच्या स्पर्धेचा हलणारा व्हिडिओ. बायको म्हणाली, "अहो, पोरगा निवडताय की लेकीला स्थळ बघताय? लेकीच्या वेळी तर एका चहात होकार देऊन आलात."

कोपऱ्यातल्या गड्याचं काम दिसायला सोपं आहे. समोरून चढाई करणारा कबड्डी कबड्डी म्हणत आत येतो, हात लावायला पुढे झेपावतो, आणि एका क्षणासाठी त्याचा मागचा पाय एकटा पडतो. त्या क्षणात कोपऱ्याने खाली जाऊन घोटा धरायचा. लवकर गेलं तर तो हात लावून निघून जातो. उशीर झाला तर हातात वारा येतो. पकड सगळेच बघतात, टाळ्याही तिथेच पडतात. माझी पद्धत वेगळी आहे. चढाई पलीकडच्या बाजूला चालू असते आणि डाव्या कोपऱ्याला काहीच काम नसतं, तेव्हा मी त्याच्याकडे बघतो. पाय काय करतायत, डोळे कुठे आहेत, शेजाऱ्याशी धरलेल्या साखळीतला हात सैल पडलाय का. रिकामा असताना गडी कळतो, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल.

तो पोरगा मला पहिल्यांदा भोसरीत दिसला, शनिवारी संध्याकाळी. मराठवाड्याकडचा, उंचीला बेताचा, पण मनगटं अशी की बघत राहावं. पहिल्या हाफमध्ये त्याने चार जण धरले. घोट्याला हात पडला की समोरचा जागच्या जागी बसायचा, ओढाताण नाही, आरडाओरडा नाही. एकदा तर चढाई करणाऱ्याने दोनदा खोटा पाय दाखवला आणि हा हललाच नाही. तिसऱ्यांदा खरा पाय आला आणि हा खाली गेला. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, त्या वयात माझ्याकडेही एवढा धीर नव्हता. मी मनात नाव नक्की करून टाकलं आणि शेजारच्या माणसाचे शेंगदाणे खाल्ले.

मध्यंतरानंतर तोच पोरगा कोणीतरी दुसराच झाला. पहिली पकड निसटली. दुसऱ्या वेळी उशिरा गेला. तिसऱ्या वेळी पाय डोळ्यासमोर असताना गेलाच नाही. मग चढाई उजवीकडे चालू असताना मी माझ्या सवयीने त्याच्याकडे बघितलं, आणि पठ्ठ्या जांभई देत होता. मॅटवर! गुडघ्यावर हात, मान खाली, आणि जबडा ताणलेला. तोंड उघडलं नव्हतं, पण जांभई लपते का? माझं टाळकंच सरकलं. खेळताना रडलेले गडी मी बघितलेत, ओकलेले बघितलेत, एकमेकांना चावलेले बघितलेत. जांभई देणारा हा पहिलाच.

तरी मी आठ दिवस थांबलो. पुढच्या रविवारी चिंचवडला सकाळी सामना होता, तिथे गेलो. तेच झालं. पहिला हाफ सोनं, दुसरा हाफ माती, आणि दोन जांभया. सामना संपल्यावर मी त्याला बाजूला घेतला. मी कोण, कशासाठी आलोय, हे त्याला त्याच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलेलं होतं.

"रात्री मोबाइल बघत बसतोस का रे?"

"नाही सर."

"मग दुसऱ्या हाफला काय होतं तुला?"

तो गुडघ्याची पट्टी सोडत होता. "पुढच्या वेळी बरोबर खेळतो, सर," एवढंच म्हणाला. त्याचे सर मध्येच म्हणाले, "पोरगा चांगला आहे, जरा सांभाळून घ्या," आणि विषय बदलला. सांभाळून घ्या म्हणजे काय? मी काय पाळणाघर चालवतो? घरी येईपर्यंत मी स्कूटरवर एकटाच भांडत होतो.

दुसरं नाव होतं आमच्या मोशीतल्याच एका पोराचं. जुन्या गावातलं घर, दूधदुभतं, घरातच व्यायामशाळा. खेळ बरा. चूक नाही आणि चमकही नाही, पण चाळीस मिनिटं सारखा खेळायचा आणि मॅटवर झोपायचा नाही. बुधवारी मी जोडीदाराला त्याचं नाव पाठवलं. न विचारता त्या जांभईवाल्याबद्दलही लिहिलं, कारण मनातून तो जात नव्हता: "पहिल्या हाफचा गडी. मध्यंतरानंतर बघण्यासारखं काही नाही. जांभया देतो." जोडीदाराने हसण्याची सहा तोंडं पाठवली आणि खाली लिहिलं, "जांभई देणारा कोपरा! हे आमच्या मुख्य प्रशिक्षकाला सांगतो."

शुक्रवारपर्यंत मोशीच्या चौकात फ्लेक्स लागला. मधे आमचा पोरगा, हात जोडलेला, आणि वर गावातले अकरा चेहरे, त्यातल्या दहा जणांना डावा कोपरा कुठल्या बाजूला असतो हे माहीत नसेल. पोराच्या वडिलांनी मला चौकातच पेढा भरवला. "तुमच्यामुळं झालं बघा. आमी इसरणार न्हाई." पेढा चांगला होता. काम संपलं होतं, नाव गेलं होतं, आणि तरी माझा गुडघा टेबलाखाली हलतच होता.

पुढच्या मंगळवारी कंपनीने मला चाकणला पाठवलं. आमचा एक पुरवठादार तिथे प्रेसवर पत्रा दाबून ब्रॅकेट काढतो, आणि त्यांच्या मालाच्या कडेला हात कापेल अशी धार राहत होती. असं काही असलं की मी रात्रपाळी संपायच्या आत पोचतो. शेवटच्या तासाचे पीस बघितले की मशीनही कळतं आणि माणूसही. पावणेसातला मी प्रेसच्या रांगेत उभा होतो. धार दुसऱ्या मशीनवर सापडली. तिसऱ्या मशीनचे पीस मी सहज उचलून बघितले, रात्री बाराचा आणि सकाळी साडेसहाचा. दोन्ही सारखे. म्हटलं, ऑपरेटर कोण आहे? तो वळला. कानात बोळे, हातात मोजे, पायात लोखंडी टोकाचे बूट. ती मनगटं मी कुठेही ओळखली असती.

सुपरवायझर कौतुकाने म्हणाला, "हा थर्ड शिफ्टच मागून घेतो. चार महिने झाले, एक दांडी नाही."

पोराने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. बोलू नका, असं.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. त्याचा दिवस त्याने तीन वाक्यांत सांगितला. सातला सुटायचं, कॉलेजात हजेरी लावायची, संध्याकाळी सराव. मग आठ ते अकरा झोप आणि बाराला परत प्रेसवर. चाकणच्या या भागात सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शनिवार-रविवारचे सगळे सामने तो रात्रपाळी करूनच खेळत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय, सर? मॅच तर तेवढीच खेळावी लागते. अन् कंत्राटदाराला कळलं की मी खेळतो, तर तो म्हणंल, हातपाय मोडला तर कोण निस्तरंल? दुसऱ्या दिवशी काढून टाकंल."

मला स्वतःची शिसारी आली. आमच्या खात्यात खराब पीस हातात आला की पहिला प्रश्न एकच असतो: कुठल्या शिफ्टचा? नवीन लागलेलं पोरगंही हे विचारतं. तीस वर्षं मी लोखंडाच्या तुकड्याला हा प्रश्न विचारला आणि माणसाला विचारायचं विसरलो. त्याला कारण आहे, पण ते कारण ऐकायला बरं वाटत नाही. आमच्या काळी कंपनीचे खेळाडू म्हणजे कंपनीचे जावई. दुपारी दोनला आम्ही मशीन सोडून ग्राउंडवर, आणि रात्रपाळी म्हणजे काय ते आम्हाला कोणी दाखवलंसुद्धा नाही. खेळणारा माणूस झोपून आलेला असतो, हे मी धरूनच चाललो होतो.

"मी तुझं नाव दिलं नाही," मी त्याला सांगून टाकलं. "जांभई बघितली म्हणून."

त्याचे कान लाल झाले. "दिसली का तुम्हाला? मी तर तोंड मिटूनच द्यायलो होतो."

मी त्याच्या आधी उठलो. पार्किंगमधूनच जोडीदाराला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो नीट ऐकत होता, मधे एकदाही हसला नाही. यादी गेली होती. एका जागेला एकच नाव, आणि तिकडे फ्लेक्ससुद्धा लागलेला. पुढच्या वर्षीचं बोलायला अर्थ नव्हता, कारण पोराला जूनमध्ये बावीस पूर्ण होणार होती. शेवटी तो म्हणाला, "सरावासाठी एक जादा कोपरा लागतो मला. यादीबाहेरचा, पण शिबिरात राहील, तिथे दिसला तर पुढचं त्याचं नशीब. रविवारी मोशीत या दोघांच्या कॉलेजांची फायनल आहे ना? तुझा फ्लेक्सवाला बघायला मी येतोच आहे. त्या पोरालाही बघतो."

म्हणजे रविवारी चारला सामना, आणि पोरगा सकाळी सातपर्यंत प्रेसवर. सुट्टी माग म्हटलं, तर तो नाही म्हणाला. दांडी मारली की कंत्राटदार दुसऱ्याला उभा करतो. मग मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्यात विचारायचं काय? आपली मागची खोली रिकामीच आहे."

रविवारी सकाळी सातला मी चाकणला गेटवर. पोरगा मागे बसला आणि नाशिक रस्त्याला लागायच्या आत त्याचं डोकं माझ्या पाठीवर आदळलं. मी दोनदा स्कूटर थांबवून त्याला तोंड धुवायला लावलं. घरी बायकोने खोलीच्या खिडकीला दोन चादरी लावून ठेवल्या होत्या. तीन बशा पोहे खाऊन तो आत गेला, आणि मी दाराबाहेर खुर्ची टाकली.

मला आयुष्यात असं कठीण काम कोणी दिलं नव्हतं. एका जागी बसायचं आणि आवाज होऊ द्यायचा नाही. घंटागाडी आली, तिचं गाणं ऐकून मी खाली पळालो. कुरिअरवाल्याच्या हाताला धरून त्याला बेलपासून लांब नेलं. कुकरची शिटी मी काढून हातात घेतली, तेव्हा बायकोने ती माझ्याकडून काढून घेतली आणि भात पातेल्यात शिजवला. साडेदहाला वरच्या मजल्यावर कोणाचंतरी फर्निचरचं काम सुरू झालं. ड्रिल ऐकून मी वर गेलो आणि भांडलो. इतका भांडलो की परत आल्यावर बायको म्हणाली, "पूर्ण बिल्डिंगमधे सगळ्यात जास्त आवाज तुमचाच होतोय. बसा." बसलो. मधेच उठून दाराला कान लावला. आत तो घोरत होता. मला इतकं बरं वाटलं की मी बायकोला बोलावून ते घोरणं ऐकवलं.

अडीचला त्याला उठवलं. उठता उठेना. सहा तास झोपला होता. चेहरा सुजलेला, डोळे मिचमिचे. "सर, चार महिन्यांत एवढं झोपलो नव्हतो," म्हणाला आणि बूट शोधत उलट्या दिशेला गेला.

ग्राउंडवर जोडीदार पहिल्या रांगेत बसला होता. मी त्याच्या शेजारी. सामना सुरू झाला आणि पोराचं अंग उठेचना. पहिल्या चढाईला तो खाली गेला तेव्हा समोरचा गडी मध्यरेषा ओलांडून परत पोचला होता. दुसऱ्या वेळी लवकर गेला. तिसऱ्या वेळी स्वतःच्याच साथीदाराच्या पायात अडकला. लोक हसले. समोरच्या संघात आमचा फ्लेक्सवाला नेहमीसारखा नीट, बिनचूक खेळत होता. मध्यंतर झालं तेव्हा माझ्या पोराच्या नावावर एकही पकड नव्हती, आणि जोडीदार उठून उभा राहिला.

"थांब की," मी म्हटलं. "आताच झोपेतून उठलाय, अंग जड आहे. आता बघ तो कसा खेळतो."

"राव, आधी म्हणालास, झोप नसते म्हणून दुसऱ्या हाफला ढेपाळतो. आता म्हणतोस, झोपला म्हणून पहिल्याला ढेपाळला. नेमकं काय?" तो चिडलेला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "तूच लिहिलं होतंस ना, मध्यंतरानंतर बघण्यासारखं काही नाही? मी तुझ्याच शब्दावर चाललोय. मला सहाच्या आत हिंजवडी पार करून दुसरा सामना गाठायचाय, भावा. तिकडचं ट्रॅफिक तुला माहीत आहे."

मी त्याच्या गाडीपर्यंत गेलो. गाडीच्या काचेवर हात ठेवून बोलत राहिलो. त्याने काच खाली घेतली, माझा हात थोपटला आणि गाडी काढली.

मी परत आलो तोवर दुसरा हाफ सुरू झाला होता आणि पोराने पहिला गडी धरलेला होता. मग दुसरा. तिसरा दीड मिनिटात. त्याचे पाय जागे झाले होते. चढाई पलीकडे चालू असताना मी त्याच्याकडे बघत होतो. चवड्यावर उभा, डोळे समोरच्याच्या कमरेवर, साखळीतला हात घट्ट. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा समोरच्यांचा सगळ्यात मोठा चढाईवाला आला. त्याने तीनदा खोटा पाय दिला. पोरगा थांबला, थांबला, आणि चौथ्याला घोट्यावर गेला. समोरचा मध्यरेषेकडे हात लांबवत आडवा पडला आणि तिथेच राहिला. फ्लेक्सवाल्याचे वडीलसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी ओरडत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आनंद होता आणि संतापही होता, आणि दोन्ही सांगायला शेजारची खुर्ची रिकामी होती.

सामना संपल्यावर तो धावत माझ्याकडे आला. "सर, बघितलं ना त्यांनी?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. "नाही," मी म्हटलं. "ते मध्यंतरालाच गेले. दुसरा हाफ बघण्यासारखा नसतो, असं मीच त्यांना लिहून दिलं होतं."

तो खाली बसून गुडघ्याची पट्टी सोडायला लागला. मग वर न बघता म्हणाला, "मग आता परत लिहा की, सर. तुम्ही तर पूर्ण बघितलं."

मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. डावा कोपरा. धीर, मनगट, पाय, सगळं आहे. दुसऱ्या हाफला पाच पकडी, मी स्वतः मोजल्या. आधीचं माझं मत चुकीचं होतं, त्याला कारण पोरगा नव्हता, मी होतो. पाठवलं. पोरगा बॅग खांद्याला लावून चाकणची बस बघत रस्त्याला उभा होता, रात्री बाराला परत पाळी होती. मी बाकावरून उठून त्याच्याकडे निघालो, तेवढ्यात मोबाइल वाजला.

"तुझे दोन रिपोर्ट आहेत माझ्याकडे, भावा," जोडीदाराने लिहिलं होतं. "कुठला खरा धरू?"

शेवटचा धर, असं मी उभ्या उभ्या लिहिलं. त्यावर अजून काही उत्तर आलेलं नाही, आणि जून होऊन गेला.